आतेचं न नांगरलेलं शेत

आते, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मला तुझी भीती वाटते आहे. लहानपणी वाटायची तशी नाही. तेव्हा तू ओटीवरून नुसतं "पदू" म्हटलंस तरी मी वहीत डोकं खुपसायचो. आता तू हाक मारणार नाहीस हे ठाऊक असूनही बांधावर गेलो की मान आपोआप खाली जाते. जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहितो आहे. तू वाचायचीस तसंच वाच, ओठ हलवत, एकेक शब्द चावून. मधेच थांबून मला शिव्या घातल्यास तरी चालतील.

तुझं शेत नांगरलं, आते. चारांतली तीन खाचरं. दहा-अकरा वर्षं ज्या जमिनीत तू नांगराचं टोक शिरू दिलं नाहीस, ती एका सकाळीत वीतभर खालपर्यंत उलटीपालटी झाली. आणि हे कुणा वैऱ्याने केलेलं नाही. तुझ्यावर जीव असलेल्या माणसांनी केलं, म्हणूनच मला काही बोलता आलं नाही.

आठव्या दिवशीची गोष्ट. मी ओटीवर चटई टाकून बसलो होतो. तुला अग्नी मी दिलेला, त्यामुळे दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, शेताला हात लावायचा नाही, हे बाबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सकाळचा चहा झाला आणि घराच्या मागून पॉवर टिलरचा आवाज आला. वालीवच्या वर्कशॉपमध्ये माझी वीस वर्षं असली यंत्रं उघडण्यात गेली. यंत्र रस्त्यावर चाललंय की मातीत, ते मला आवाजावरून कळतं. हे मातीत होतं, आणि मागच्या बाजूला तुझ्या मातीशिवाय दुसरी माती नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. पेरणीच्या तोंडावर ज्या घरात सुतक असेल त्या घराचं शेत आळीने आधी नांगरून द्यायचं आणि मगच स्वतःच्या शेतात उतरायचं, ही आपली रीत. घरच्यांनी मागायचं नाही, आळीने विचारायचं नाही. ही रीत सगळ्यांत जास्त तूच पाळलीस. शेजारच्या जनूदादाची आई गेली त्या वर्षी तू स्वतः साडीचा ओचा खोचून टिलरमागे ढेकळं फोडत फिरलीस. मी तेव्हा तुला चिडवलं होतं, की स्वतःच्या शेतात नांगर नको आणि लोकांच्या शेतात हौस बघा. तू म्हणालीस, त्याच्या शेतात त्याची रीत, माझ्या शेतात माझी. आता जनूदादा तुझं ते ऋण फेडायला आला होता. कुणाच्या शेतात कुणाची रीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी उठलो. बाबांनी विचारलं, कुठे निघालास? म्हटलं, जनूदादाला थांबवतो. तुला तुझा मोठा भाऊ चांगलाच माहीत आहे. आयुष्यभर खोल नांगरटीचं कौतुक केलेला माणूस. तुझ्या शेतातलं गवत पाहून दर पावसाळ्यात तुझ्याशी आठ-आठ दिवस अबोला धरायचा. ते म्हणाले, रीतीने आलेल्या माणसाला सुतकातल्या माणसाने बांधावरून परत पाठवलं, असं आपल्या घरात आजवर झालेलं नाही. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. डोळे सुजलेले होते. मी परत खाली बसलो. आते, हे एवढंच सांगायला मला इतके दिवस लागले. मी परत बसलो आणि दुपारपर्यंत बसून राहिलो.

अजून एक आहे. त्या टिलरची पाती मार्चमध्ये मीच बदलून दिली होती. जुनी इतकी झिजली होती की जमीन नुसती खरवडत जायची. मी चांगली जाड, नीट वळवलेली पाती बसवली, बोल्ट आवळले आणि जनूदादाच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, आता बघ कसा खोल जातो. ओटीवर बसून मी त्याच पात्यांचा आवाज ऐकत होतो. तू मला "वालीवचा लोहार" म्हणायचीस, तेव्हा मला हसू यायचं.

प्रत्येक फेरीला आत काय होतंय ते मला दिसत होतं, आणि त्याला कारण तू. तुझ्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी माती यायची. दोन काचेचे ग्लास, दोन्हींत पाणी. एकात जनूदादाच्या शेतातलं सुकलेलं ढेकूळ, दुसऱ्यात तुझ्या शेतातलं. त्याचं ढेकूळ बघता बघता विरघळून पाण्याचा चहा व्हायचा. तुझं तसंच्या तसं तळाशी बसून राहायचं, पाणी नितळ. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्या मंडळींनाही तू हे दाखवलंस. माझे सासरे अजून विचारतात, त्या मातीवाल्या आत्याबाई कशा आहेत. त्यांना अजून फोन केलेला नाही.

खरं तर तूही आधी नांगरायचीसच. उभं-आडवं, वर्षातून दोनदा. शेण, पालापाचोळा, फांद्या वाफ्यावर रचून राब भाजायचीस आणि त्या राखेत रोपं टाकायचीस. मग तालुक्याहून त्या कृषी सहायक बाई आल्या. त्यांनी फावड्याने एक ढेकूळ बांधावरून काढलं, जिथे कधीच नांगर फिरला नव्हता, आणि एक तुझ्या खाचरातून. बांधावरची माती काळी, भुसभुशीत, मुळांच्या जाळ्याने धरलेली. खाचरातली फिकट, विटेच्या तुकड्यासारखी. दोन्हींत अंतर जेमतेम एका पावलाचं. बाई म्हणाल्या, मुळात जमीन एकच आहे, फरक आहे तो उकरण्याचा. त्या गेल्यावर तू बराच वेळ दोन्ही हातांत दोन ढेकळं घेऊन पायरीवर बसलीस. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, "पदू, मी इतकी वर्सं जमीन जाळून खाल्ली." तुझ्या चेहऱ्यावर भीती मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर तू नांगर बंद केलास. गादीवाफे एकदाच घातलेस आणि पुन्हा मोडले नाहीस. भात कापलास की मुळं जमिनीतच, पेंढा वर पसरलेला, आणि जमिनीत ओल असतानाच त्यात वाल टोचायचीस. राब भाजणं बंद. अर्नाळ्याच्या कोळणीकडून सुक्या मासळीचा चुरा गोणीने आणून पेंढ्याखाली टाकायचीस. एकदा कंडक्टरने तुला गोणीसकट बसमधून उतरवलं, तर तू त्यालाच ऐकवलंस की याच्यावरच तुझं जेवन उगवतं. पहिली दोन वर्षं भात कमी आला. गवत माजलं. तू दिवसदिवस वाकून ते उपटायचीस. आळीत लोक हसायचे, बाबा अबोला धरायचे, आणि मी यंत्राचा माणूस, मी तुझ्याशी भांडायचो.

आपलं ते भांडण अर्धवटच राहिलं. माझं म्हणणं असायचं, जमीन मोकळी केली नाही तर ती घट्ट होणार, मुळं जाणार कुठून? तू म्हणायचीस, जुनी मुळं कुजतात ना, त्यांनी केलेल्या वाटा असतात, गांडुळांच्या असतात, नव्या मुळांना त्या आयत्या मिळतात. नांगराने त्या वाटा बुजतात. आणि उकरलं की आत वारा शिरतो, निजलेल्या निखाऱ्याला फुंकर घातल्यासारखं होतं, जमिनीतलं कुजलेलं भराभर संपतं आणि हवेत निघून जातं. मी म्हणायचो, हे तुला कुणी सांगितलं? तू भिंतीकडे बोट दाखवायचीस. देव्हाऱ्याशेजारी माती परीक्षणाचे कागद खिळ्याला अडकवलेले. सेंद्रिय कर्बाच्या पुढे पहिल्या कागदावर "कमी", मग काही वर्षांनी "मध्यम", आणि शेवटच्या कागदावर "भरपूर". त्या दिवशी तू शिरा केला होतास.

सगळीकडे पाणी भरलं होतं त्या वर्षी मी पाहिलं, आते. जनूदादाच्या शेतात गढूळ तळं झालं होतं आणि तुझ्यातलं पाणी मुकाट्याने खाली उतरत होतं. मी बांधावर छत्री घेऊन उभा होतो. तेव्हाच मला पटलं होतं. घरात येऊन मी तुला म्हणालो, तुझं शेत थोडं उंचावर आहे म्हणून. ते शेत उंचावर नाही, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. हरलो म्हणायला तेव्हा काय जड जात होतं देव जाणे. आता म्हणतो, तर ऐकायला तू नाहीस.

दुपारी आवाज थांबला तेव्हा मी बाबांची नजर चुकवून मागच्या दाराने गेलो. गादीवाफे सपाट झाले होते. उन्हात धूळ उडत होती आणि जमिनीचा तो वास येत होता जो लोकांना फार आवडतो. मलाही आवडायचा. तूच सांगितलं होतंस की उकरलेल्या जमिनीचं जे काही संपत असतं त्याचाच तो वास. चौथ्या खाचराच्या तोंडाशी टिलर उभा होता आणि जनूदादा डोक्याच्या फडक्याने मान पुसत होता. मला बघून त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "आतेला मानूस नाय म्हनून नांगरीत नाय, हे आमाला का कळत नव्हतं? लाजेनं कायतरी ग्लासातलं दाखवायची बिचारी. आतं तिचं शेत बघ कसं सोभतंय."

म्हणजे इतकी वर्षं आळीला असं वाटत होतं. तुझे ग्लास, तुझे कागद, तुझा वाल, सगळं त्यांनी एका एकट्या बाईची झाकपाक म्हणून सोडून दिलं होतं. आणि जो माणूस तुला नव्हता असं ते म्हणत होते तो मी, विरारला फ्लॅटमध्ये राहणारा, रविवारी येऊन भांडून जाणारा. मी तोंड उघडलं. त्याच्या हातांना टिलरच्या मुठीचे फोड आले होते. मी एवढंच म्हणालो, हे शेवटचं राहू दे दादा, ते मी करीन. त्याला इतका आनंद झाला की त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुतक आहे हेही विसरला.

दहावं अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर केलं. पिंड मांडला. बोंबील वाळत घातलेल्या वलांडीवर कावळे ओळीने बसले होते, पण एकही खाली येईना. बाबा म्हणाले, घर नीट ठेवू. कावळा आला नाही. म्हणाले, पदू वर्षश्राद्ध करील. नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुला काय हवं असेल ते तिथे एकट्या मला ठाऊक होतं. तोंडातून चार शब्द निघायला हवे होते, की आते, यापुढे तुझी जमीन कोणी उकरणार नाही. पण शेजारी जनूदादा उभा होता, फोड आलेले हात जोडून. सगळ्या आळीसमोर मी ते म्हटलं असतं तर त्याने केलेल्या पुण्याची माती झाली असती.

आणि मग जनूदादाच पुढे झाला. "आते, तुझं शेत आतं कधी पडीक राहनार नाय. मी हाय तोवर दरसाल नांगरून देईन."

कावळा लगेच उतरला. पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बाबा रडले. बायका म्हणाल्या, यातच जीव अडकला होता बिचारीचा. मी वाळूत उभा होतो. मासळीच्या वाळवणावर पोसलेले कावळे, त्यांना कुणाच्या इच्छेचं काय, कधी तरी उतरणारच होते, असं मी मनाला हजारदा समजावलं. मन समजत नाही. तुझ्या नावाने दिलेला शब्द, कावळ्याने शिवलेला, सगळ्या आळीने ऐकलेला. आता हा शब्द दरवर्षी पेरणीच्या आधी टिलर घेऊन दारात येणार. इस्पितळात तू मला म्हणाली होतीस, "जमीन उघडी ठेवू नको." मी सलाईनच्या बाटलीकडे बघत हो हो म्हटलं. कशाने झाकू, किती झाकू, वाल कधी टोचू, काहीच विचारलं नाही. वाटलं, घरी आल्यावर विचारू.

सुतक फिटल्यावर मी रजा वाढवून घेतली. पाऊस कधीही येईल या धास्तीने नांगरलेल्या तीन खाचरांवर पेंढा पसरायला लागलो. सुटलेली, मोकळी माती उघड्यावर पडलेली आणि एक जोराची सर आली तर तुझी वर्षं ओहोळातून खाडीत जातील. हाताला पेंढ्याची सवय नाही, कातडं सोलवटलं. काल सकाळी जनूदादा त्याच्या बांधावरून आला. दुपारी त्याच्या शेतात टिलर घालायचा होता, त्याच्याआधी सहज. हसला. म्हणाला, नांगरलेल्यावर पेंढा घालतोस, तू पन आतेवर गेलास.

मग मी सांगितलं. पेंढ्याचा भारा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. की तुला माणूस नव्हता म्हणून नाही, तू ठरवून नांगरत नव्हतीस. की जमिनीत जे साठवायला तुला इतकी वर्षं लागली ते उघड्यावर आलंय. की त्या दिवशी मी थांबवायला हवं होतं आणि थांबवलं नाही, यात चूक त्याची नाही. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हतो. त्याने डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. मला वाटलं, आता ही दोन घरं तुटली.

त्याने एवढंच विचारलं, "मग कावळा कशाला शिवला?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. मी त्याला चौथ्या खाचरात नेलं. वालाची सुकलेली वेल आणि पेंढा बाजूला केला आणि म्हटलं, हात घाल. त्याने बोटं टेकवली. मे महिन्याच्या उन्हात, आते, बोटं आत गेली, आणि खाली ओल होती. त्याने मूठभर माती वर काढली, नाकाशी नेली, पुन्हा जिथली तिथे ठेवली आणि वरून पेंढा ओढून घेतला, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतात तसा. मग म्हणाला, "हे मी नाय नांगरनार. सबूद मोडला त्याचं पाप माझ्यावर." माझ्या छातीवरचा दगड उतरला. वाटलं, निदान एक खाचर वाचलं, बाकीची तीन तुझ्या वाटेने पुन्हा उभी करू, लागतील तितकी वर्षं. तुझे आभार मानावेत इतकं हलकं वाटलं.

पण जनूदादा उठला नाही. उकिडवाच बसून तो तुझ्या शेताकडे नाही, बांधापलीकडे स्वतःच्या शेताकडे बघत होता. म्हणाला, "माझ्यात तर बापाच्या वेळेपास्नं दरसाल दोनदा." आणि थोड्या वेळाने, "मग माझ्यात काय राहिलं असेल, पदू?"

तू असतीस तर काहीतरी बोलली असतीस. तुझीही तशीच होती, पुन्हा काळी झाली, असं म्हणाली असतीस. मला ते सुचलंच नाही. तो बांध ओलांडून गेला, आपल्या शेताच्या मधोमध जाऊन वाकला आणि हाताने माती उकरायला लागला. बोटं जाईनात, तेव्हा जवळचा दगड घेऊन ठोकायला लागला. मी तुझ्या खाचरात उभा राहून तो आवाज ऐकत होतो. तो खूप वेळ तसाच वाकलेला होता. काय सापडलं ते विचारायला पलीकडे जायची माझी हिंमत झाली नाही.